ब्राझीलचा खडा

आमच्या मालोजीमामांना सकाळी उठल्याउठल्या आधी ब्राझीलचं हवामान लागतं, मग चहा. इंदूरला ऊन आहे की आभाळ, ह्याच्याशी त्यांचं घेणंदेणं नाही. लोकमान्य नगरच्या घरावर धो धो पाऊस पडत असला तरी मामा फोनात डोकं घालून म्हणतील, "कोरडं आहे. अजून आठवडाभर थेंब नाही."

लीलामामी स्वयंपाकघरातून विचारते, "मग गच्चीवरचे पापड भिजून राहिलेत ते काय दवानं?"

मामांना अख्ख्या मंडीत कोणी उत्तराविना ठेवलेलं नाही. ठेवते ती एक मामीच.

आमच्या आजोळचे खराडे होळकरांच्या रिसाल्यातले. मामांचे पणजोबा घोड्यावर बसायचे, आजोबा घोड्याच्या गोष्टींवर, वडील मिलमध्ये टाइमकीपरच्या स्टुलावर, आणि मामा राजदूत मोटरसायकलवर. माळव्यात सोयाबीन नवीन नवीन आलं, लोक त्याला 'पीला सोना' म्हणायला लागले, तेव्हा मामा तेल काढणाऱ्या एका प्लांटात खरेदीला लागले. ओलावा मोजायची मशीन नंतर आली. आधी मामांचे दात होते. दाणा पुढच्या दातांत धरायचा. कट्ट वाजला तर सुका, चेपला तर ओला. खड्यांचं तर असं की ढिगातून मूठभर दाणे उचलून तळहातावर नुसते घोळवले की मामांना खडा दिसायचा. मालोजीला बघून खडा स्वतःच बाजूला होतो, असं छावणी मंडीत म्हणायचे.

ब्राझीलची आणि त्यांची ओळख तिथलीच. भाव चढला की प्लांटातले सेठ फोनवर बोलून बाहेर यायचे आणि कपाळाला हात लावून सांगायचे, "ब्राझील में बारिश हो गई." की भाव पडला. मामांनी ब्राझील कधी पाहिला नव्हता, पण नव्या सुनेनं न पाहिलेल्या आजेसासूला घाबरावं तसे ते त्याला घाबरायला लागले. आजेसासू खूष असेल तर घरात सुख, नाराज असेल तर माळवाभर सुतक. हळूहळू मामांनी तिच्या सगळ्या सवयी पाठ केल्या. कधी पेरणी, कधी कापणी, कुठल्या रस्त्यावर ट्रक अडतात, कुठल्या बंदरात जहाजं ताटकळतात. पारानाग्वा हे बंदराचं नाव ते इतक्या घरोब्यानं घ्यायचे की मला लहानपणी ते देपालपुरच्या पुढचं एखादं गाव वाटायचं.

मी पुढे भूगोलाचा शिक्षक झालो त्याला मामा कारण आहेत. आणि मी भूगोलाचा कसा शिक्षक आहे, ते पुढे येईलच.

मामा रिटायर झाले, पण देपालपुरकडचे शेतकरी त्यांना सोडेनात. त्यांचे पुढारी अंबाराम पटेल. धोतर, पांढरा साफा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एकच प्रश्न: "मामाजी, वेचूं के राखूं?" विकू की ठेवू? मामा रोज फोनमध्ये बोलून एक संदेश सोडायचे आणि तो गावोगाव फिरायचा. "ब्राझील में फसल अच्छी है, निकालो," म्हटलं की लोक ट्रॉल्या काढायचे. "रुको," म्हटलं की कोठ्यांना कुलपं. मामांचं खरं ठरायचं का? कधी ठरायचं, कधी नाही. पण पाऊसपाण्याचं सांगणाऱ्या माणसाचं चुकलेलं कोणी लक्षात ठेवत नाही, हे आपलं जुनं आहे.

मग त्या रजतनं ते विचारलं. रजत म्हणजे मंडीतल्या एका आडत्याचा लेक, फोनवर भाव बघणारा, गॉगल लावून पोहे खाणारा. मंडीच्या बाहेर चहाच्या टपरीवर मामा सांगत होते की पारानाग्वात यंदा ट्रकांची लाइन लागलीये. रजत म्हणाला, "मामाजी, आप कभी गए हो ब्राझील?"

मामा म्हणाले, "जाने की क्या जरूरत? तीस साल से देख रहा हूँ."

"वो तो मैं भी फोन में देख लेता हूँ. वीज़ा हो तो दिखाओ, भिया!"

टपरी हसली. सगळ्यात वाईट म्हणजे अंबारामही हसले. अगदी थोडं, साफ्याआड, पण मामांनी पाहिलं. मामा घरी आले आणि मंडीत जायचेच बंद झाले. रोजचा संदेश जायचा, पण त्यात आवाज उसना आणल्यासारखा. मार्च सुरू झाला होता, नवा गहू घरात यायचा होता, आणि देपालपुरकडे निम्म्या घरांत जुनं सोयाबीन कोठ्या अडवून बसलं होतं. अंबारामनी विचारलं, "मामाजी, गेहूं आइरियो हे. वेचूं के राखूं?" मामांनी फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात मंजिरीचा फोन आला. मंजिरी मामांची मुलगी, कंप्यूटरवाली, कंपनीनं तिला ब्राझीलमध्ये कुरितिबा नावाच्या शहरात पाठवलेलं. ती म्हणाली, "बाबा, या ना. पारानाग्वा इथून बसनं दोन-अडीच तास. तुमचं सासर बघून जा."

मामांनी त्याच संध्याकाळी संदेश सोडला: "मैं खुद जा रहा हूँ. आँखों देखी बताऊंगा. तब तक रुको." अख्खं देपालपुर रुको झालं. कोठ्या तशाच, गहू अंगणात, वर ताडपत्री. अंबारामनी घरात भांडण ओढवून घेतलं, पण सोयाबीन हलवलं नाही.

आता मामांबरोबर कोण? मामीचे गुडघे नाही म्हणत होते. मामीही नाही म्हणत होती. "मला बिलावलीचा तलाव पुरे. ह्या शाम्याला न्या. भूगोल शिकवतो, हरवायचा तरी नाही."

माझ्या बाबतीत मामी चुकली असं फार कमी वेळा झालं आहे. हे त्यातलं एक.

विमानांचं मी सांगत नाही; मला त्यातलं काही समजलं नाही. मामा खिडकीशी बसून अटलांटिकवर शेव खात होते एवढं आठवतं. कुरितिबाहून मंजिरीनं आम्हांला डोंगरातल्या आगगाडीत बसवलं आणि स्वतः ऑफिसला गेली. गाडी घाटात उतरायला लागली. दोन्हीकडे रान असं दाट की हिरव्या रंगाचे सगळे प्रकार एकाच टोपलीत कोंबल्यासारखे. झाडांच्या फांद्यांवर झाडं, त्यांच्यावर शेवाळ, मध्येच जांभळ्या फुलांनी लदलेलं एखादं झाड, खाली दरीत पाण्याची धार. मी शिक्षकी थाटात सांगायला घेतलं, "मामा, हे अटलांटिक वर्षावन. इथल्या वनस्पती आपल्याकडे..."

"अरे हा तर सोनटक्का," मामा म्हणाले.

रुळांच्या कडेनं, मैलोगणती, पांढराशुभ्र सोनटक्का फुलला होता. कोणी कधी इकडून तिकडे नेला असेल, आणि तो तिथे घरच करून बसला होता. खिडकीतून वास यायला लागला. मामांनी त्या वासाकडे तोंड केलं. मग म्हणाले, "शाम्या, हा बघ. आपल्या आधी पोचला."

मी पुढचा धडा मनातच ठेवला.

घाटाखालून बस घेऊन आम्ही पारानाग्वात पोचलो. माझ्या डोळ्यांपुढे मामांच्या बोलण्यातून तयार झालेलं बंदर होतं: सोयाबीनचे डोंगर, पिवळी धूळ, हमाल, आरडाओरडा, छावणी मंडीला समुद्र लावल्यासारखं. तसं काही नव्हतं. नदीकाठची जुनी वस्ती, गुलाबी-निळ्या भिंतींची बैठी घरं, खडबडीत दगडांचा रस्ता, काठाला बांधलेल्या रंगीत होड्या. नदीपलीकडे खारफुटी, आणि मागे डोंगरांची रांग ढगात डोकं घालून बसलेली. बायका दारात खुर्च्या टाकून गप्पा मारत होत्या. सोयाबीनचा एक दाणा नाही. फक्त हवेत एक आंबूस वास होता, तोही वारा फिरला की. मामांचे डोळे वासाबरोबर फिरायचे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास होडीनं एका बेटावर जायचं ठरलं होतं. धक्का शहराच्या दक्षिणेला, नदीवर. मंजिरीनं फोनवर नकाशा दिला होता. पण मी भूगोलाचा शिक्षक. नकाशा फोनमध्ये बघणं हे मला वर्गात कॉपी करण्यासारखं वाटलं. मी आकाशाकडे बघितलं.

"मामा, सूर्य ह्या वेळेला दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे सूर्याकडे तोंड करून सरळ चालायचं."

"पक्कं?"

"मामा, मी हे दरवर्षी सातवीला शिकवतो."

दरवर्षी सातवीलाच मी हेही शिकवतो की विषुववृत्ताच्या खाली गेलं की सूर्य उत्तरेला दिसतो. परीक्षेत हमखास विचारतो. ज्याचं चुकतं त्याचे मार्क कापतो. आणि तोच मी, दक्षिण अमेरिकेत उभा राहून, सूर्याकडे तोंड करून, मामांना घेऊन छाती काढून उत्तरेला निघालो.

बरंच चाललो. होड्या येईनात. घरं विरळ झाली, रस्ता रुंद झाला, आणि एका वळणावर ट्रकच ट्रक. लांबच्या लांब, आपल्या दोन ट्रकांएवढा एक, ओळीनं उभे. ओळीच्या शेवटी आकाशाला टेकलेले लोखंडी हात, दाणे वाहून नेणारे पत्र्याचे झाकलेले बोगदे आणि जहाजाची काळी भिंत. आम्ही बंदराच्या तोंडाशी येऊन पोचलो होतो.

मामा थांबले. ज्या लाइनीविषयी ते टपरीवर सांगत होते ती लाइन त्यांच्यासमोर उभी होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाम्या, तू मुद्दाम आणलंस ना रे?"

"मग काय मामा," मी म्हणालो.

एका ड्रायव्हरनं ट्रकच्या कुशीतलं फळ्यांचं कपाट उघडून तिथेच स्टो पेटवला होता, वर पाणी उकळत होतं. मामांनी त्याला रामराम केला, मग त्याच्या ट्रकला केला. ड्रायव्हर हसला आणि त्यानंही ट्रकला नमस्कार केला, पाहुण्यांच्या घरची रीत असेल म्हणून. ट्रकच्या मागच्या फळीतून थोडे दाणे गळले होते. रस्त्याच्या कडेला पिवळी रेघ, तिच्यावर पारवे.

मामा उकिडवे बसले. पारव्यांनी त्यांना जागा दिली. मामांनी चष्मा काढला, कारण डोळे भरून आले होते, आणि मूठभर दाणे उचलले. तळहातावर घोळवले नाहीत. इतकी वर्षं जे केलं ते ह्या एका वेळी राहिलं. डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसे त्यांनी त्यातले चार पुढच्या दातांत धरले.

कट्ट.

मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "सुका आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी जीभ फिरवली. जरा थांबले. पुन्हा फिरवली.

"सुका नाहीये," ते म्हणाले. "दगड आहे."

तळहातावर थुंकले तर त्यात एक करडा खडा आणि पुढच्या दाताचा अर्धा तुकडा. खडा अख्खा होता.

त्यानंतर मामा बोलेनात. दुखत होतं म्हणून नाही. बोललं की 'स' च्या जागी शिट्टी वाजायची, आणि मामांचं अर्धं आयुष्य सोयाबीन ह्या शब्दावर उभं. होटेलात येऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. देपालपुरला तेव्हा रात्र झाली होती. आँखों देखीचा दिवस आजचाच ठरलेला. फोन वाजला. अंबारामचा संदेश: "मामाजी, राम-राम. तम पोंच्या के नी? वेचूं के राखूं?"

मामांनी फोन माझ्याकडे ढकलला.

"मी काय सांगू?"

मामांनी हातानं सांगितलं, काहीही सांग.

मला सोयाबीनमधलं शेंगेपलीकडे कळत नाही. पण गाव वाट बघतंय, मामांची लाज माझ्या हातात आहे, असं वाटून मी घसा साफ केला आणि बोललो. "नमस्कार अंबारामजी. पारानाग्वा एक प्राकृतिक बंदरगाह है. यहाँ की जलवायु उष्ण और आर्द्र है. पश्चिम में पर्वतमाला होने के कारण वर्षा पर्याप्त मात्रा में..."

उत्तर लगेच आलं. "मास्टरजी, म्हके परीक्षा नी देनी. वेचूं के राखूं?"

भिंतीकडे तोंड केलेल्या मामांचे खांदे हलले. हसले की रडले, मी विचारलं नाही.

मंजिरीला फोन केला. ती आधी ओरडली. "बाबा, दगड का खाल्ला? तुम्हांला तिथे निसर्ग बघायला पाठवलं होतं!" मग तिनं दाताच्या डॉक्टरणीचा पत्ता शोधून दिला. त्या देशात दाताचे डॉक्टर आपल्याकडच्या पोह्यांच्या गाड्यांसारखे, कोपऱ्याकोपऱ्यावर. मी ह्या वेळी फोनमधला नकाशा बघितला.

डॉक्टर रोझानी म्हणजे भरदार, हसरी बाई. दंडावर फुलपाखरू गोंदलेलं. मंजिरी फोनवरून दुभाष्याचं काम करत होती, मध्ये मध्ये ऑफिसमधल्या कोणाला तरी 'जस्ट अ मिनिट' म्हणत. कसं झालं, असं डॉक्टरणीनं विचारलं. मंजिरीनं सांगितलं. डॉक्टरणीनं दोन्ही हात गालाला लावले आणि काहीतरी भराभर बोलली.

"ती म्हणते, तिचे वडीलही असंच करतात," मंजिरी म्हणाली. "आत लांब त्यांची शेती आहे. सोयाबीन. कितीदा सांगितलं तरी दाण्याला दात लावतात. आणि ती विचारून राहिली आहे, तुम्ही कुठले?"

"इंडिया," मी म्हणालो.

डॉक्टरणीचे हात हवेत थांबले. मामांच्या तोंडात कापसाचे बोळे भरून तिनं एक बोट वर केलं आणि स्वतःचा फोन काढला. तिकडे पडद्यावर एक म्हातारा आला. उन्हानं रापलेला, टोपी घातलेला, हातात भोपळ्याच्या भांड्यातलं गरम काहीतरी नळीनं ओढत बसलेला. त्याच्यामागे शेतात पांढऱ्या प्लास्टिकचा एक लांबलचक अजगर पडला होता. त्यात त्याचं सोयाबीन.

म्हातारा मामांना बघून सावरून बसला. टोपी काढली. मग जे बोलला ते मंजिरीनं सांगायच्या आधीच मला आवाजावरून कळलं. अंबारामचाच सूर होता.

मंजिरी म्हणाली, "बाबा... ते म्हणतात, इकडे रोज सांगतात, इंडिया तेल घेणार, इंडिया तेल नाही घेणार. इंडियाकडे बघून भाव ठरतो म्हणे. तुम्ही इंडियाचे. ते विचारताहेत, विकू की ठेवू?"

मामा खुर्चीत आडवे, गळ्यात निळं फडकं, तोंडात कापूस. त्यांनी हळूच उजवा हात वर केला, तळवा समोर.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो काहीतरी मोठ्यानं म्हणाला, आभार मानले, टोपी पुन्हा चढवली, आणि पडदा काळा झाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, थांबायचं. ठेवायचं. इंडियानं सांगितलं."

मामा उठून बसले. बोळे बाहेर आले. "अरे, मला थुंकायचं होतं!"

डॉक्टरणीनं बेसिन पुढे केलं. मामा थुंकले, तोंड पुसलं, आणि बराच वेळ बेसिनमधलं फिरणारं पाणी बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. 'स' ची शिट्टी वाजत होती, पण आता त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

"शाम्या, मी घरी पण असाच हात करत असतो का रे?"

"कधीकधी."

"थुंकायचं असतं तेव्हा?"

"तेव्हापण."

मामांनी मान हलवली. "मंजू, डॉक्टरणीला परत फोन लावायला सांग. त्याला सांग, मला काही माहीत नाही. सांग, भारत काय घेईल हे भारतात कोणाला ठाऊक नाही, आणि मी तर लोकमान्य नगरात राहतो."

हे वाक्य बोलायला मामांना किती जड गेलं असेल, ते त्या दिवशी टपरीवर बसलेल्यालाच कळेल. मंजिरीनं भाषांतर केलं. म्हातारा पुन्हा पडद्यावर आला होता. त्यानं ऐकून घेतलं, नळी ओढली, आणि शांतपणे उत्तर दिलं.

"ते म्हणतात, माहीत नाही ते ठीक आहे. तसं सगळेच म्हणतात. पण तुम्हांला वाटतं काय?"

मामांनी कपाळाला हात लावला. सेठ लावायचे तसाच. मग विचारलं, "घरात काही काम निघालंय का त्याच्या?"

छत गळतंय, म्हाताऱ्यानं सांगितलं. दोन वर्षं झाली. बायको बादल्या ठेवते. भाव चढला की करायचं म्हणून थांबलाय.

"मग छतापुरतं विक म्हणावं. आजच. बाकीचं ठेव नाहीतर काढ, तुझा जीव म्हणेल तसं. पण बायकोला बादल्या नको उचलायला लावू."

म्हाताऱ्यानं टोपी मागे सारली. मग त्याच्या मागून, पडद्यात न दिसणाऱ्या कुठून तरी, एका बाईचा आवाज आला. चांगला खणखणीत. डॉक्टर रोझानी पोट धरून हसायला लागली.

"आई आहे तिची," मंजिरी म्हणाली. "म्हणते, ह्या माणसाला रोज दाखवत जा."

डॉक्टरणीनं तात्पुरता दात बसवला. पक्का दोनतीन दिवसांत होणार होता. मामांनी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच फोन काढला, खराखुरा संदेश सोडला. बसवलेला दात नवा होता, शिट्टी अजून जात नव्हती. "अंबाराम, मामाजी बोल रहा हूँ. ब्राझील आ गया. यहाँ का किसान अपनी तरफ देखके बैठा है, अपन उसकी तरफ देखके बैठे हैं. आँखों देखी यही है. गेहूं अंगण में मत रखो. कोठी जितनी चाहिए उतनी खाली करो, घर में जो काम अटका है उतना बेचो. बाकी का मुझे मालूम नहीं."

'मालूम नहीं' म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले, दाणा चावताना मिटले होते तसे.

आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. एवढं गाव रोखून धरलेलं; आता ते काय म्हणणार? टपरी काय म्हणणार? शेवटी अंबाराम बोलले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात प्रश्न वेगळा होता.

"मामाजी, या वात तो म्हारी घरवाली होळी का पेले से के री हे. इका वास्ते तम इत्ती दूर गया?"

बायको होळीच्या आधीपासून हेच सांगतेय! मामांनी ते दोनदा ऐकलं. मग असे हसले की तात्पुरता दात निघून त्यांच्या हातात आला आणि आम्ही परत आत गेलो.

बेटाची होडी राहिली होती, ती आम्ही दुसऱ्या दिवशी पकडली. मी ह्या वेळी दिशा सांगितली नाही. खाडीत ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांखाली चिखल उघडा पडला होता, आणि त्याच्यावर लाल पक्षी उतरले होते. लाल म्हणजे कुंकवाची डबी उपडी झाल्यासारखे, चोच वाकडी, पाय लांब, चिखलात टोच टोच करत. नावाड्यानं खुणेनं सांगितलं, खेकडे खाऊन असे होतात. होडी जवळून गेली तसा सगळा थवा उठला आणि हिरव्या झाडीवरून, ढगातल्या डोंगरांकडे गेला. एका जागी पाण्यातून डॉल्फिनची करडी पाठ वर आली आणि परत गेली. एवढं जिवंत, ओलं, लखलखीत जग तीस वर्षं मामांच्या तोंडी 'ब्राझील, फसल अच्छी' एवढंच होऊन बसलं होतं.

मी ते सगळं नीट बघितलं असं सांगावंसं वाटतं. पण होडी हलत होती, आणि मी बराच वेळ कठड्यावरून खाली बघत होतो. नक्की कशासाठी, ते शिक्षकी पेशाला शोभणारं नाही.

परत येताना सर आली. मामा होडीच्या टोकाशी उभे, अंगभर भिजलेले, तोंड वर केलेलं. खिशातला फोन खिशातच.

"शाम्या," ते मला हाक मारून म्हणाले, जणू मोठी बातमी, "पाऊस पडून राहिलाय रे!"

इंदूरला आल्यावर चार दिवस मामी त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होती. नवा दात पक्का बसला होता, पण रंगानं शेजाऱ्यांपेक्षा एक घर पांढरा. माझी शाळा सुरू झाली. सातवीला मी सूर्याचा धडा घेतला, एका मुलीनं उत्तर चुकवलं, आणि मी तिला पूर्ण मार्क दिले.

मामा मग मंडीत गेले. मीही गेलो, साक्षीदार म्हणून. टपरीवर रजत होताच, गॉगल, पोहे. अंबाराम कोठी रिकामी करून ट्रॉली घेऊन आलेले. म्हणाले, गहू आत गेला, घरवाली बोलायला लागली. विकलं ते भावात बसलं की फसलं, त्यांनी सांगितलं नाही, आणि मामांनीही विचारलं नाही.

रजत म्हणाला, "आओ मामाजी! तो फिर? लाए वीज़ा?"

टपरी कान टवकारून बसली. मामांनी शर्टाच्या खिशातून एक करडा खडा काढला आणि त्याच्या प्लेटीच्या कडेला ठेवला. मग जवळ वाकले, वरचा ओठ बोटानं उचलला आणि तो पांढरा दात त्याला दाखवला.

"ये ले, भिया. ठप्पा भी वहीं का है."

अंबाराम ह्या वेळी साफ्याआड हसले नाहीत. सगळ्यांदेखत हसले. मग त्यांनी ट्रॉलीतून मूठभर सोयाबीन आणून मामांपुढे धरलं. मामांनी चष्मा चढवला, दाणे तळहातावर नीट घोळवले, दोनदा घोळवले, आणि मगच एक तोंडात टाकला.